फोटोत काय आहे?

जुलै संपत आला होता. रात्रीचे साडेआठ वाजलेले, कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि मी कांदा चिरत होते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ टाकून तास उलटला होता. गृहपाठ म्हणजे फळ्याचा फोटो. शाळा सुटायच्या आधी पाच मिनिटं मी फळ्यावर गृहपाठ लिहिते, मुलं उतरवून घेतात, ज्यांचं अर्धवट राहतं त्यांच्यासाठी फोटो काढून ठेवते आणि संध्याकाळी तो ग्रुपवर टाकते. खाली अंगठ्यांची रांग लागते आणि माझा दिवस संपतो. त्या रात्री माझ्या नंबरवर एक आवाजी मेसेज आला. स्वराचे बाबा. मागे चाळीच्या गॅलरीतला गलका, कुणाच्या तरी घरात लागलेली मालिका, आणि त्यावर त्यांचा जपून बोलणारा आवाज.

“बाई, सॉरी हां, त्रास देतो. फोटो आला. फोटोत काय आहे?”

मी हात पुसून बोलूनच सांगितलं. मराठीचे धड्याखालचे दुसरा आणि तिसरा प्रश्न, गणिताच्या पान २८वरच्या बेरजा, आणि सोमवारी पावसाळ्याचं चित्र काढून आणायचं. त्यांचं ‘थँक्यू बाई’ आलं. तिथं विषय मिटला असता, पण लगोलग आणखी एक मेसेज आला. “ते तुम्ही मागे एकदा टाईप केलं होतं ना, सोळा तारखेला, तसं जमलं तर बघा. त्या दिवशी मी एकट्यानं अभ्यास घेतला तिचा.” मला सोळा तारीख आठवेना. ग्रुप वर सरकवत गेले तेव्हा सापडली. त्या दिवशी दुपारपासून धो धो पाऊस, वर्गातली लाईट गेलेली, फळ्याचा फोटो काढला तर नुसता काळोख. म्हणून घरी येऊन चार ओळी टाईप केल्या होत्या. त्यात कुणाच्या सोयीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. शाळा सुरू झाल्यापासून दीड महिन्यात तसा तो एकच दिवस, आणि त्यांना त्याची तारीख पाठ होती.

कांदा तसाच राहिला.

स्वराचे बाबा जन्मापासून अंध आहेत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. जूनमध्ये पहिल्या दिवशी ते तिला सोडायला आले तेव्हा एका हातात पांढरी काठी होती आणि दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. मी पुढे होऊन खुर्ची दिली, त्यांचा नंबर लिहून घेतला, इतरांच्या बरोबर त्यांनाही ग्रुपमध्ये घेतलं. परळच्या हॉस्पिटलांच्या भागात त्यांचा एके काळी टेलिफोनचा बूथ होता. मोबाईल आले, बूथवर कुणी फिरकेना, आता त्याच टपरीत बिस्किटं, वेफर्स, पाण्याच्या बाटल्या असतात. स्वराची आई एका नर्सिंग होममध्ये आया आहे, दुपारची ड्युटी, घरी यायला दहा होतात. तेव्हा दुसरीतल्या या मुलीचा अभ्यास बाबाच घेतात. इतके दिवस शेजारचा बारावीतला मुलगा रोज फोटो वाचून दाखवायचा. त्याचे क्लास सुरू झाले आणि तो मिळेनासा झाला, म्हणून माझ्यापर्यंत मेसेज आला. नाहीतर मार्चपर्यंत मी फोटोच टाकत राहिले असते. खुर्ची द्यायचं मला सुचलं. फोटोचं नाही सुचलं.

हे मनाला जास्त लागलं, कारण मी प्रशिक्षण घेतलेली बाई आहे. लॉकडाऊनच्या वर्षी शिक्षकांसाठीचं ‘निष्ठा’ हे सरकारी प्रशिक्षण दीक्षा या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन झालं, त्यात सर्वसमावेशक वर्गाचा भाग होता, तो मी पूर्ण केला, शेवटची प्रश्नावली सोडवली, प्रमाणपत्र फाईलला लावलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले हे मला येतं. ६ ते १८ वयाच्या दिव्यांग मुलांच्या मोफत शिक्षणाचा हक्क येतो. शाळेची माहिती सरकारला कळवायच्या यू-डायसच्या फॉर्ममध्ये विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे रकाने दर वर्षी मीच भरते. पण त्या सगळ्या शिकण्यात दिव्यांग असायचं ते मूल. त्याचे आईबाप धडधाकट, त्याला आणणारे-नेणारे, त्याच्यासाठी धावपळ करणारे. मूल डोळस आणि बाप अंध, असं घर माझ्या एकाही व्हिडिओत आलं नव्हतं. यू-डायसमध्येही पालकांसाठी असा रकाना मी भरल्याचं आठवत नाही. त्याच कायद्याचं कलम ४२ सांगतं की आवाजी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावा, याची तजवीज सरकारनं करायची. ते वाचताना मला मोठ्या वेबसाईट, बँका, टीव्ही असं काही डोळ्यांपुढे आलं होतं. फळ्याचा फोटोही त्यात येतो, हे मनात शिवलं नव्हतं.

त्या रात्री झोप येईना तेव्हा ओम आठवला. २०२० साली तो माझ्या चौथीत होता. दोन्ही कानांना मशीन, पहिला बाक, खिडकीकडची बाजू, आणि नजर कायम माझ्या ओठांवर. वर्गात त्याचं फारसं अडत नसे. मग शाळा बंद झाली आणि मी घरातून मोबाईलवर शिकवायला लागले. आमची दहा बाय बाराची खोली, तिच्यात निवांत जागा एकच, खिडकीखाली. तिथं पाटावर बसून, समोर पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवून मी शिकवायचे. ओम रोज हजर असायचा. हाक मारली की हसायचा. मला वाटायचं, पोरगं मजेत आहे. दोन महिन्यांनी त्याच्या आईचा फोन आला, अगदी संकोचून बोलत होती ती. “बाई, रागावू नका, पण तुमच्या मागनं उजेड येतो. तुमचं तोंड दिसतच नाही हो त्याला.”

मी पाट उचलून समोरच्या भिंतीला नेला. एवढंच करायचं होतं.

त्यानंतर ओम मध्येच हात वर करायला लागला, आणि तेव्हा कळलं की जून-जुलैचं त्याला काहीच समजलेलं नव्हतं. मी त्याच्यासाठी वेगळा तास घ्यायला लागले तशी मीही शिकत गेले. पार, बार आणि मार हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. आरशापुढे उभं राहून आवाज न काढता म्हणून पाहिलं, तेव्हा मला ते पटलं. ओठ वाचणारं मूल थोडं वाचतं आणि बाकीचं संदर्भावरून जुळवतं, आणि संदर्भ फळ्यावर लिहिलेला असला तर त्याचा केवढा भार हलका होतो! मग डिसेंबर २०२१ला आमचे वर्ग उघडले आणि माझ्या तोंडावर मास्क आला. बाकीच्या मुलांची शाळा सुरू झाली. ओमची पुन्हा बंद झाली. तो पाचवीत गेला होता, तरी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गाच्या दाराशी यायचा, आणि मी पॅसेजच्या टोकाला लांब उभी राहून मास्क खाली करून त्याच्याशी दोन वाक्यं बोलायची. ते नियमात बसत नव्हतं. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

ओमच्या आईनं त्या दोन वर्षांत जे केलं ते मला कुठल्याही प्रशिक्षणानं दाखवलं नाही. ती घरकाम करणारी, स्वतः आठवीपर्यंत शिकलेली. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ओमची तपासणी झाली होती, पण तेव्हा लोकल बंद, जायचं कसं? मग तिनं फोनवर जे मिळेल ते पाहायला सुरुवात केली. भारतीय सांकेतिक भाषेचा कोश व्हिडिओंच्या रूपात आहे. २०१८ला ३,००० शब्दांचा निघाला, २०२१पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला, आणि फुकट आहे. रात्री भांडी आवरून झाली की ती आणि ओम रोज पाच शब्द शिकायचे. कोशात शब्द शोधायचा तर इंग्रजी किंवा हिंदीतून, म्हणून आधी ती मला मेसेज करायची, ‘बाई, रुसणे ला हिंदीत काय?’ मी ‘रूठना’ पाठवायची. असे कितीतरी शब्द अजून माझ्या फोनमध्ये आहेत. खाणाखुणांची ही भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी नव्हे, तिचं व्याकरण तिचं स्वतःचं आहे, हे मला एका घरकाम करणाऱ्या बाईकडून कळलं. केंद्राच्या एनसीईआरटीची पुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचा करार २०२०च्या ऑक्टोबरात झाला. आमची पुस्तकं बालभारतीची. मग ती धडा माझ्याकडून समजून घ्यायची आणि आपल्याला येतील तेवढ्या खुणांनी लेकाला सांगायची.

साधनांची यादी कुणी मागितली तर मी आता चटकन देऊ शकते, पण यादी मिळून कुणाचं भलं झालेलं मी क्वचितच पाहिलं. गेल्या वर्षीच्या एका मुलाची आई फोन पुढे करून म्हणाली होती, “बाई, या सगळ्या लिंका मला लोकांनी पाठवल्यात, यातली आधी कुठली उघडू?” मुलाला वाचनात अडचण, अक्षरं उलटसुलट. महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती १९९६पासून आहेत, पण त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र हॉस्पिटलातल्या तपासण्या होऊन मिळतं, आणि त्या तपासण्यांना हेलपाटे पडतात, हाताचा रोज बुडतो. तिला लिंक नको होती. सायनच्या हॉस्पिटलात कुठल्या गेटनं आत जायचं, सोबत कुठले कागद न्यायचे आणि डॉक्टरांना काय सांगायचं, हे तिला हवं होतं. एका शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. रांगेत बसल्या बसल्या तिनं माझ्यापाशी मुलाचं जन्मापासूनचं सगळं बोलून घेतलं. दोन वर्षं ते मूल माझ्या वर्गात होतं आणि त्यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

तर स्वराचे बाबा. दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मी टॉकबॅक सुरू केलं. पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारी ती सोय बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असते, वेगळे पैसे लागत नाहीत. सुरू झालं आणि फोन मला परका झाला. एकदा बोट ठेवलं की तो नुसतं नाव सांगतो, उघडायचं तर दोनदा टिचकी. वर सरकवायचं तर दोन बोटं. उजवीकडे बोट फिरवलं की पुढची गोष्ट. डोळे मिटून मी कसाबसा वर्गाचा ग्रुप उघडला आणि बोट फिरवत गेले. माझं नाव, फोटो, वेळ. अंगठा, अंगठा, अंगठा. पुन्हा माझं नाव, फोटो, वेळ. दीड महिन्याचा माझा सगळा गृहपाठ टॉकबॅकमधल्या बाईच्या एकसुरी आवाजात ‘फोटो, फोटो’ असा ऐकू येत होता. मग सोळा तारीख आली आणि तो आवाज एकदम मराठीत बोलायला लागला. मराठी, पान बारा, खालचे शब्द वहीत लिहा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लिहायला मला संकोच वाटत नाही.

तसंच पुढे जात मी ऑफिसनं पाठवलेली पालक-सभेची सूचना उघडली. ती फोटो नव्हती, पीडीएफ होती, म्हटलं ही तरी वाचली जाईल. आवाजानं जे सुरू केलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. इंग्रजी अक्षरं, मध्ये कंस, टक्क्याची खूण, पुन्हा अक्षरं. डोळे उघडून पाहिलं तर कागदावर स्वच्छ, ठसठशीत मराठी. आमच्या मैत्रीण-शिक्षिकेचा मुलगा कॉम्प्युटरचं काम करतो, त्यानं समजावलं. टायपिंगच्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. आपल्याला ‘सूचना’ दिसतं, पण यंत्राच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. युनिकोडमध्ये टाईप केलं तर यंत्रालाही ‘सूचना’च दिसतं. किती वर्षांच्या किती सूचना अशा गेल्या असतील! कागद बघून सगळे म्हणणार, मराठीत तर आहे.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या टपरीवर गेले. ओशाळवाणं वाटत होतं, काय बोलायचं ते ठरत नव्हतं. त्यांनी माझ्या ‘नमस्कार’वरून ओळखलं, स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला. गिऱ्हाईक आलं की बोलता बोलता हात बरोबर त्या बरणीवर, नाणी बोटांनी चाचपून सुटे परत. मी म्हटलं, दीड महिना माझ्या लक्षात आलं नाही. ते म्हणाले, “असू दे ओ बाई, तुम्हाला चाळीस पोरं.” मग मी विचारलं, तुम्ही अभ्यास घेता कसा? ते म्हणाले, ती मोठ्यानं वाचते, मी ऐकतो. लिहिताना एकेक शब्द मी फोड करून सांगतो, ती लिहिते. ‘किती’ कसं सांगता? ते म्हणाले, “क, मग पहिली वेलांटी. त, मग दुसरी वेलांटी.” आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. स्वराच्या वहीत मी आठवडेच्या आठवडे लाल पेन फिरवत होते. कीती, दीवस, चीमणी. तिची पहिली वेलांटी कायम अक्षराच्या नंतर, म्हणून सगळी दुसरी. मला वाटायचं, मुलीचं लक्ष नाही.

त्यांनी कप्प्यातून ब्रेलची पाटी काढली. जाड कागद अडकवला, टोकदार स्टायलसनं उजवीकडून डावीकडे टोचत गेले, कागद उलटा करून माझं बोट धरून त्यावर फिरवलं. क म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. त्याच्यापुढे वेलांटीचे ठिपके. ब्रेलमध्ये जसं बोलतो तसंच लिहितात, आधी क, मागून इ. आपल्या छापील लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अंधशाळेत ब्रेल शिकले, पुढे फोनवर ऐकत गेले, आणि फोनही फोड करताना क आधी सांगतो, वेलांटी मागून. घरी येऊन मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर फेविकॉलनं सुतळी चिकटवून ‘कि’ आणि ‘की’ तयार केले, रात्रभर वाळू दिले. दुसऱ्या दिवशी ती पत्रिका त्यांच्या हातात दिली. कितीतरी वेळ ते बोट फिरवत राहिले. एक गिऱ्हाईक थांबून कंटाळून निघून गेलं. “म्हणजे ही आधी येऊन उभी राहते,” ते म्हणाले, “आणि वरनं छत्री धरते.”

पहिल्या वेलांटीचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही. आता वर्गात मी तसंच शिकवते.

गृहपाठ मी त्या दिवसापासून टाईप करते. पाच-सात मिनिटं जातात. ज्याला फोटो हवा त्याच्यासाठी तोही टाकते, पण मजकुराच्या खाली. ऑफिसमधल्या भाऊंना युनिकोड पटायला गणपती उजाडले. त्यांना त्यांच्या जुन्या कीबोर्डची बोटांना सवय, आणि ती सोडणं या वयात सोपं नाही. पण एकदा मी त्यांना त्यांचीच सूचना फोनवरून ऐकवली, तेव्हा ते गप्प बसले, आणि पुढच्या आठवड्यात नव्यानं टाईप केलेली आली. आमच्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया, ज्यांना वाचता येत नाही, त्याही आता मेसेज फोनला वाचायला लावतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ग्रुपवर अंगठा त्याही टाकायच्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची एक रात्र. दिवसभर पाहणीला साहेब आले होते, मी दमलेले, घाईघाईत गृहपाठ टाईप करून फोन ठेवून दिला. नऊच्या सुमाराला फोन वाजायला लागला. गणितात मी पान ३४ लिहायच्या जागी ४३ लिहिलं होतं. ग्रुपवर एकेक पालक विचारत होते, हे शिकवलंय का, पोरगी रडतेय, उत्तर येत नाही. त्यातच एक आवाजी मेसेज होता, या वेळी माझ्या नंबरवर नाही, सगळ्यांच्या ग्रुपवर. मागे तीच गॅलरी, तीच मालिका, कुणीतरी हसत होतं. त्यात सॉरी नव्हतं, त्रास देतो नव्हतं. आवाज चांगलाच चढलेला होता.

“बाई, पान चुकलंय तुमचं. त्रेचाळीस काय? तो भाग अजून शिकवलेलाच नाही. तासभर झाला आम्ही डोकं फोडतोय इथं. बरोबर पान टाका पटकन, तिला झोपायचंय.”